सातव्या चौकटीतला श्री

आमच्या चिकलठाण्याच्या लघुउद्योजक संघाची स्मरणिका निघते आहे. संपादकांचा फोन आला. म्हणाले, "पाठक साहेब, गाडेकरांवर तुम्हीच लिहा. जास्त काही नको, तो शालींचा किस्सा तेवढा लिहून द्या. तुमच्यासारखा तो कोणालाच रंगवता येत नाही."

रंगवता येतो हे खरं आहे. औद्योगिक वसाहतीतल्या निरोप समारंभांत, दसऱ्याच्या मशीनपूजेनंतरच्या जेवणांत, एकदा तर एका बारशातही मी तो सांगितलेला आहे. कुठे थांबलं की हशा येतो, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं पाठ आहे. गाडेकर नावाचा एक देवभोळा गृहस्थ होता, त्याने निर्यातीच्या कागदावर गिऱ्हाइकाच्या ऑर्डर नंबरच्या जागी देवाचं नाव घातलं आणि हिमरू शाली ट्रॅक्टरच्या कारखान्यात जाऊन पडल्या, असा तो किस्सा. त्यातल्या शाली खऱ्या आहेत. ट्रॅक्टरचा कारखानाही खरा. पण ते देवाचं नाव गाडेकरांनी घातलेलं नव्हतं. मी घातलं होतं.

गाडेकर जाऊन आता वर्ष होत आलं. वसाहतीत नवीन माणूस आला की आजही त्याला 'श्री लिहिणारे गाडेकर महाराज' असंच सांगितलं जातं. माझंही वय झालं. मी गेलो की ही ओळख कायमची पक्की होईल. म्हणून संपादकांनी मागितलेला किस्सा देतो, पण जसा घडला तसा. आणि तो कळायचा तर आधी माणूस कळायला हवा.

गाडेकर फुलंब्रीचे. रोज एस.टी.ने येऊन-जाऊन करायचे. एस.टी.तून उतरले की आमच्या गेटपर्यंत चालताना खिशातल्या कंगव्याने केस बसवायचे, आणि गेटवरच्या वॉचमनला 'बसले का?' असं विचारून मगच आत यायचे. एम.कॉम. झालेले होते आणि समोरच्याला ते लवकरात लवकर कळावं अशी काळजी घ्यायचे. नम्रता हा गुण त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता, आणि आला असता तर 'ऑर्डर दिली नव्हती' म्हणून त्यांनी तो परत पाठवला असता. "निर्यातीच्या कागदांत राज्यातल्या पहिल्या पाचात मी आहे," असं सरळ सांगायचे. बाकीचे चार कोण, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "शोध चालू आहे."

आमची कंपनी ट्रॅक्टरचे गिअर लिव्हर आणि तसले सुटे भाग बनवायची. मालक तात्या जाधव. मी निर्यात विभागाचा मॅनेजर आणि गाडेकर कागदपत्रांचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं, तरी प्रमुख.

त्यांच्या बॅगेत एक पारदर्शक प्लास्टिकची शीट असायची, पूर्वी सेमिनारमध्ये भिंतीवर चित्र पाडायला वापरायचे तसली. तिच्यावर त्यांनी काळ्या मार्करने चौकटी आखून नंबर घातले होते. डावीकडे वर माल पाठवणारा, त्याच्याखाली घेणारा, उजवीकडे तारीख आणि नंबर, खाली मालाचं वर्णन, नग, वजन. चौकटींची ही मांडणी त्यांची नव्हती. देशोदेशीच्या लोकांनी बसून ठरवलेली होती, आणि बहुतेक जग त्याच मांडणीने कागद करत होतं. गाडेकरांनी फक्त ती आमच्या वसाहतीला लावायची असं मनावर घेतलं होतं. कुणाचंही बिल हातात आलं की ते त्यावर शीट ठेवायचे आणि काय चौकटीबाहेर पडतं ते बघून "च्, च्" करायचे. "साहेब," मला म्हणायचे, "परक्या देशातल्या बंदरावर एखादा कारकून जांभया देत बसलेला असतो. त्यानं आपला कागद हातात घेतला की त्याचा डोळा सवयीनं जिथं जातो, तिथंच ती गोष्ट पाहिजे. त्याला शोधायला लावलं की आपला माल तिथं पावसात."

शीट ते हॉटेलच्या मेनूकार्डावर ठेवायचे, रेशनकार्डावर ठेवायचे. एकदा डॉक्टरांनी त्यांना औषधं लिहून दिली, त्या चिठ्ठीवर डॉक्टरांसमोरच ठेवली. म्हणाले, "पाठवणारा आहे, घेणारा आहे. मालाचं वर्णन मात्र वाचता येत नाय."

त्यांच्याशी साध्या गप्पा मारायचीही सोय नव्हती. कोणी डबा खाताना "ऐकलं का, त्या अमक्याच्या घरी म्हणे," असं सुरू केलं की गाडेकर पोळीचा घास हातात धरून विचारायचे, "पाठवणारा कोण? तुला कोणी सांगितलं ते आधी सांग." सांगणारा म्हणायचा, "असं सगळे म्हणायलेत." "सगळे म्हणजे किती नग?" एवढ्यात ती बातमी जीव सोडायची. आमच्या ऑफिसात कुणाचीही बदनामी फार दिवस टिकली नाही याचं श्रेय त्यांना जातं. त्यांची स्वतःची मात्र टिकली, कारण ती पसरवणारा त्यांच्याच टेबलाशेजारी बसत होता.

त्या काळी वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याचं बिल म्हणजे त्या घराण्याचा इतिहास असायचा. एकाच्या बिलावर मधोमध वडिलांचा फेटा घातलेला फोटो, आणि रक्कम फेट्याच्या बाजूने लिहिलेली. एकाच्या बिलावर कारखान्याचं चित्र, त्यात त्याच्या कारखान्याला कधीही नसलेली धुराची उंच चिमणी. हिमरू शाली विणणारे हनीफभाई यांच्या बिलाला वेलबुट्टीची एवढी जाड किनार होती की मधे लिहायला पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा उरायची. आणि आमच्या तात्यांचं नाव आमच्याच बिलावर एक, पॅकिंगच्या यादीवर दुसरं आणि बँकेच्या कागदावर तिसरं. बँक पैसे अडवायची, आणि तात्या म्हणायचे, "अरे, मी एकच हाय ना? मग झालं तर."

यातून गाडेकरांना हवी ती संधी एका परदेशी एजंटाने आणली. हा एजंट वसाहतीतल्या पाच-सहा लहान कारखान्यांचा माल एकाच कंटेनरमधून उचलायचा आणि आपल्या गोदामातून ज्याचा त्याला वाटायचा. त्याने कळवलं की यापुढे सगळ्यांचे कागद एकाच साच्यात आले पाहिजेत, कारण त्यातली माहिती सरळ कॉम्प्युटरमध्ये जाणार आहे. तसं जमत नसेल तर राम राम. संघाची बैठक झाली. गाडेकरांनी शीट काढली. असं ठरलं की गाडेकर सगळ्यांसाठी एक मास्टर फॉर्म बनवतील, आणि तो नीट चालला तर संघ एक सामायिक कागदपत्र केंद्र काढेल, त्याचे प्रमुख गाडेकर. या वेळी हाताखाली माणसांसकट. संघाच्या कँटीनवरची खोली रिकामी होती. गाडेकर जेवणाच्या सुट्टीत जाऊन तिथे पंखा कुठे लावायचा ते बघून आले. रोज.

फॉर्म तयार झाला तेव्हा पहिली ठिणगी आमच्याच केबिनमध्ये पडली. तात्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"यावर श्री कुठंय?"

"नाय, तात्या," गाडेकर म्हणाले.

"नाय म्हंजे? माझ्या बापानं आयुष्यभर आधी श्री लिहिला, मग आकडा. तू त्याला भायेर काढतोस व्हय?"

"देव ऑफिसात ठेवा, माल भरताना नारळ फोडा, कंटेनरला हार घाला. या कागदात त्याला जागा नाय."

"देवाला जागा नाय?"

"तुमच्या जावयालाबी नाय. त्यानं कधी राग धरला का?"

तात्या माझ्याकडे बघत राहिले. गाडेकर केस बसवत बाहेर गेल्यावर म्हणाले, "पाठक, हा लई शिकलेला हाय, त्याला कळायचं नाय. तुम्ही जुने. बघा काहीतरी." मी "बघतो" म्हणालो. मालकाला 'बघतो' म्हणण्यावरच माझी सारी नोकरी उभी होती.

त्याच सुमारास गाडेकर रजेवर गेले. कारण त्यांच्या पुतणीचं लग्न. खरं म्हणजे लग्न नव्हे, लग्नाची पत्रिका. ती लिहायचं काम भावाने कौतुकाने त्यांच्यावर सोपवलं होतं. आमच्याकडच्या पत्रिकेत देवांच्या नावांनंतर आजोबा-पणजोबा, मग मामा, मावसा, आत्या, भाऊबंद अशी निमंत्रकांची पलटण असते आणि शेवटी पोरासोरांची 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ. गाडेकरांनी ही सगळी पलटण कापून काढली. वर डावीकडे मुलीचे वडील, खाली मुलाचे वडील, उजवीकडे तारीख, वेळ, जागा. बाकी पांढरा कागद. पत्रिका छापून, वाटून झाल्यावर फुलंब्रीत जो भडका उडाला त्याची झळ आम्हाला चिकलठाण्यात लागली. नाव नसलेले सगळे मामा आणि सगळ्या आत्या रुसल्या. एक मामा तर निरोप धाडून बसला, "आम्ही मेलो असं समजून छापलंय का?" सर्वांत वाईट म्हणजे ताईच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी पोरं रडत होती. मग गाडेकरांना मोटारसायकलवर घरोघर फिरून, प्रत्येकाच्या ओट्यावर बसून चहा पीत चूक कबूल करावी लागली. नंतर आम्हाला सांगायचे, "साहेब, पत्रिकेचा उपयोग लग्न कळवण्यासाठी नसतोच. ते लोकांना आधीच कळलेलं असतं. पत्रिका असते आपलं नाव बघायला. ही गोष्ट एम.कॉम.ला शिकवत नाय."

ते असे ओटे चढत-उतरत असताना मास्टर फॉर्म सगळ्या कारखान्यांना पाठवायची वेळ आली. पत्र ते लिहून ठेवून गेले होते, त्यांच्याच नावाने. फॉर्म उघडायचा पासवर्ड त्यांना आणि मला, दोघांनाच माहीत. मी फॉर्म उघडला. सातवी चौकट गिऱ्हाइकाच्या ऑर्डर नंबरची. मास्टरमध्ये ती रिकामीच होती, कारण तिथे ज्याने त्याने आपला नंबर टाकायचा होता. मी तिथे रोमन लिपीत 'श्री' टाइप केला.

मूर्खपणा म्हणून नव्हे, हुशारी म्हणून केला. तात्यांना स्क्रीनवर दाखवता येईल की हा बघा श्री. आणि माल पाठवताना प्रत्येक जण त्यावर आपला नंबर टाकेल, म्हणजे श्री आपोआप जाईल. दोघांचंही समाधान. स्क्रीनवरचा श्री बघून तात्यांनी हात जोडले आणि विचारलं, "गाडेकर तयार झाला का?" मी म्हणालो, "पटवलं त्यांना." तेव्हा ते वाक्य मला अगदी किरकोळ वाटलं होतं.

मी एक गोष्ट धरलीच नव्हती. श्री कोणी पुसला नाही.

सगळ्यांना फॉर्म मिळाला. सगळ्यांनी बाकीच्या चौकटी मन लावून भरल्या. सातव्या चौकटीपाशी येऊन सगळे थबकले. चिमणीवाल्याने नंतर सांगितलं, "पुसायचं म्हणलं तर हात धजंना." फेट्याच्या फोटोवाल्याला वाटलं की ही नवी पद्धत असेल, आणि त्याला ती मनापासून आवडली. आमच्याच ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी श्रीच्या पुढे नंबर बसवायचा प्रयत्न केला. चौकटीत दोन्ही मावेनात, तेव्हा त्यांनी नंबर काढून टाकला. हनीफभाईंनी तरी आपला नंबर टाकला असेल असं मला वाटलं होतं. त्यांना मी नंतर विचारलं. म्हणाले, "पाठक साब, उस डिब्बे में तुम्हारे भगवान का नाम दिखा. उसके उपर मैं नंबर कैसा मारूं? अच्छा दिखता क्या?"

कंटेनर गेला. तिकडच्या गोदामातला कॉम्प्युटर सातवी चौकट वाचूनच माल कुणाचा ते ठरवायचा. त्याला दिसलं की आलेल्या सगळ्या पेट्यांचा ऑर्डर नंबर एकच आहे. म्हणजे माल एकाच गिऱ्हाइकाचा. त्याने यादीतला पहिला पत्ता धरला आणि बहुतेक पेट्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात धाडल्या. त्या गाडीत न मावलेल्या पेट्या यादीतल्या दुसऱ्या पत्त्यावर गेल्या. ते बायकांच्या भारी कपड्यांचं दुकान होतं. तिथल्या बाईंनी पेटी उघडली तर आत ग्रीस लावलेले गिअर लिव्हर.

काही दिवसांनी एजंटाने फोटो पाठवला. ट्रॅक्टरच्या कारखान्यातला एक धिप्पाड फोरमन, भरघोस पिवळ्या मिशा, हातात पाना आणि खांद्यावर हनीफभाईंची मोरपंखी हिमरू शाल. तिकडे थंडी होती, आणि माणूस त्या शालीत खूप सुखी दिसत होता. फोटोखाली एजंटाने विचारलं होतं की हे श्री कोण आहेत आणि माल परत कोणी न्यायचा.

संघाची तातडीची बैठक झाली. गाडेकर रजेवरून त्याच सकाळी आले होते, आत्या-मामांच्या चहाने पोट बिघडलेलं, त्यामुळे त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. तात्यांनी एक छापील फॉर्म उंच धरून विचारलं, "हा फॉर्म कोणाचा?"

गाडेकर उभे राहिले. केसांवरून हात फिरवला. "माझा," ते म्हणाले. एवढ्या अभिमानाने मी कोणाला तो शब्द म्हणताना ऐकलेलं नाही.

"मग हा श्री?"

गाडेकरांनी पुढे जाऊन कागद घेतला. बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत होतो.

तात्या म्हणाले, "श्री घाला असं मीच म्हणलो होतो, ते मी नाय म्हणत नाय. पण कुठं घालावा याची तुला अक्कल नको? एम.कॉम. ना तू?" सगळे हसले. हनीफभाई म्हणाले, "जाऊ द्या तात्या, देवानं नेलं तिथं माल गेला," आणि लोक अजून हसले. त्या हसण्यात मला तोंड उघडायला पुष्कळ वेळ होता. मी तो पंख्यावर घालवला. गाडेकरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन कप चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले. एक माझ्यापुढे ठेवला.

"साहेब, मास्टर फॉर्मचा पासवर्ड किती जणांना माहितीय?"

"दोघांना," मी म्हणालो.

"हां. मला वाटलं मीच मोजायला चुकलो." असं म्हणून शांतपणे चहा प्यायले, माझाही कप उचलून घेऊन गेले.

त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. केंद्र निघालं. कँटीनवरच्या खोलीत पंखा लागला, आणि त्याखाली तात्यांचा भाचा बसला. गाडेकरांना डिस्पॅचला पेट्या मोजायला पाठवलं. त्यांच्या शीटवरच्या चौकटी मात्र सगळ्यांनी घेतल्या. फेट्याचा फोटो गेला, चिमणी गेली, वेलबुट्टी गेली. त्या अपघातानंतर सातव्या चौकटीत नंबर सोडून टिंबसुद्धा टाकायची कोणाची छाती झाली नाही. वसाहतीचे कागद बंदरावर अडकायचे थांबले. ज्याच्यामुळे थांबले तो खाली डिस्पॅचला उभा होता, आणि वरून जाणारा-येणारा त्याला "काय महाराज" म्हणायचा.

मी किस्सा सांगायला कधी लागलो ते आठवत नाही. बहुधा पहिल्यांदा कोणीतरी विचारलं तेव्हा, स्वतःवर संशय येऊ नये म्हणून. मग तो जमत गेला. देवभोळे गाडेकर माझ्या किश्श्यात सोवळं नेसून टाइप करायला लागले, कीबोर्डला हळदकुंकू वाहायला लागले. यातलं काही खरं नव्हतं. खरे गाडेकर देवाला सकाळी अंघोळ झाल्यावर उभ्या-उभ्या नमस्कार करायचे आणि एस.टी. पकडायचे. आणि याहून वाईट म्हणजे, मी सांगत असताना ते अनेकदा समोरच बसलेले असायचे. मी भरात असताना मधेच बोट वर करून म्हणायचे, "साहेब, फोरमनच्या मिशीचं राहिलं." मला मिशीचं सांगावं लागायचं. लोक हसून-हसून डोळे पुसायचे, त्यात गाडेकरही पुसायचे. मी मात्र पाणी शोधायचो, आणि ग्लास बहुतेक वेळा तेच पुढे करायचे.

त्यांनी सूड घेतला असं मी म्हणणार नाही. त्यांना मजा येत होती एवढंच. माझ्या खिशात एक विंचू आहे हे त्यांना माहीत होतं, आणि मी तो कधी काढतो ते बघायला त्यांना आयुष्यभराचं तिकीट मिळालं होतं.

दोघंही निवृत्त झालो. मी सिडकोत राहायला, ते फुलंब्रीतच. तरी संघात अडलं की लोक भाच्याला टाळून त्यांनाच फोन करायचे. शहराचं नाव बदललं तेव्हा कारखानदारांची धावपळ उडाली, की परदेशी कागदांवर आता काय लिहायचं, माल भलतीकडे गेला तर. गाडेकर संघात आले, खुर्चीत बसले, काठी पायात धरली. "नाव नवीन लिहा," म्हणाले. "आपल्या गावाला कागदांसाठी एक कोड हाय, तो तसाच ठेवा. माणूस नाव वाचतो, कॉम्प्युटर कोड वाचतो. दोघांचं भांडण लावू नका." कोणीतरी मागून म्हणालं, "आणि श्री कुठं घालायचा महाराज?" सगळे हसले. गाडेकर म्हणाले, "ते पाठक साहेबांना विचारा."

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं, तिला सांगितलं. ती इतकी वर्षं तो किस्सा ऐकून हसत आलेली. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना हसवलंत त्यांना सांगा." तिने पुन्हा काही म्हटलं नाही, पण त्यानंतर मी कुठे किस्सा सांगायला लागलो की ती उठून आत जायची.

संधी आली ती संघाच्या एका कार्यक्रमात. कागद संपून आता सगळा निर्यातीचा व्यवहार स्क्रीनवरच कसा होणार, यावर बाहेरून आलेल्या तज्ज्ञांचं भाषण होतं. नवे कारखानदार, जुन्यांची मुलं, हॉल भरलेला. तात्या नव्हते, ते आधीच गेले. हनीफभाई होते. तिसऱ्या रांगेत गाडेकर होते, फुलंब्रीहून लेकीच्या गाडीतून आलेले. भाषणानंतर सूत्रसंचालक म्हणाला, "आता आपले पाठक साहेब तो प्रसिद्ध किस्सा सांगतील."

मी माइकपाशी गेलो. आणि सांगितलं. श्री मी टाइप केला. पासवर्ड दोघांकडे होता. गाडेकर त्या दिवशी फुलंब्रीत होते. तात्यांशी मी खोटं बोललो, बैठकीत गप्प बसलो, आणि नंतर त्यावर टाळ्या मिळवल्या. केंद्राच्या खोलीत गाडेकर बसायला हवे होते, ते माझ्यामुळे बसले नाहीत. सोपे शब्द वापरले, कुठेही रंगवलं नाही.

लोक हसायची वाट बघत होते आणि हशा येत नव्हता. मग तिसऱ्या रांगेत काठी वाजली. गाडेकर उठून उभे राहत होते. मला वाटलं, आता होऊन जाऊ दे.

"बसा साहेब," ते मला म्हणाले. मग हॉलकडे वळले. हात जोडले. "मित्रांनो, पाठक साहेबांचं मन पहिल्यापासून मोठं. माझी चूक ते आजबी आपल्या अंगावर घ्यायलेत. असा वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं. श्री मीच लिहिला होता."

माणसं उभी राहिली. टाळ्यांचा असा कडकडाट माझ्या किश्श्याला कधी मिळाला नव्हता. समोरच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. कोणीतरी येऊन माझ्या पाया पडलं. मी माइकवर "नाही, नाही, ऐका," म्हणत होतो, तसतशा टाळ्या वाढत होत्या. हनीफभाई तेवढे बसून होते. ते आळीपाळीने माझ्याकडे आणि गाडेकरांकडे बघत दाढी कुरवाळत होते.

कार्यक्रम सुटल्यावर मी गाडेकरांना पार्किंगमध्ये गाठलं. रागाने माझा श्वास पुरत नव्हता.

"गाडेकर, हे काय केलंत?"

"खोटं बोललो. पहिल्यांदाच बोललो, पण बरं जमलं, नाय?"

"मी इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, आणि तुम्ही..."

"साहेब," ते म्हणाले, आणि काठीवर दोन्ही हात ठेवून निवांत उभे राहिले. "तुमचा श्री मी इतकी वर्षं सांभाळला, कुरकूर केली का? आता माझ्यासाठी तुम्ही थोडा मोठेपणा सांभाळा. बघा किती जड जातो ते."

"लोकांना खरं कधी कळणार मग?"

"सांगा की पुन्हा. मी आहेच दुरुस्त करायला."

खरोखरच होते. त्यानंतर मी दोन ठिकाणी सांगून बघितलं. दोन्हीकडे माझ्या विनयाचं कौतुक झालं आणि लोकांनी फोन करून विचारल्यावर गाडेकरांनी ते कौतुक कायम केलं. आता ते नाहीत. फोन उचलून मला खोटं पाडणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून हे छापून देतो आहे. संपादकांनी यातलं एक वाक्य कापू नये. कोणाला वाटेल की पाठकांचं मन मोठं आहे. त्याने कृपा करून हनीफभाईंना विचारावं. त्यांनी परवा मला सांगितलं की पार्किंगमध्ये ते आमच्या मागेच उभे होते.

मी गाडेकरांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. आमचं बोलणं संपल्यावर ते लेकीच्या गाडीकडे निघाले, आणि कार्यक्रमातून बाहेर पडलेल्या तरुण कारखानदारांनी त्यांना वाटेत गाठलं. "महाराज, आशीर्वाद द्या," म्हणत दोघं-तिघं चेष्टेने त्यांच्या पायाशी वाकले. गाडेकर थांबले. काठी काखेत घेतली, उजवा हात उंच केला, डोळे मिटले आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत अगदी साग्रसंगीत आशीर्वाद दिला. मग, हात तसाच वर ठेवून, त्यांनी एक डोळा किंचित उघडला आणि मी बघतो आहे की नाही ते बघून घेतलं.